मंगळवारी लूव्र बंद असतं

प्रेमकथेचं बाड संपादनाला आलं की पहिल्या वाचनात मी प्रेमाकडे बघतच नाही. वार टिपते, घड्याळातली वेळ टिपते, कोण कुठे उभं आहे आणि पुढच्या प्रकरणात जिथे दिसतं तिथे पोचायला त्याला किती वेळ लागेल हे टिपते. कोण कुणाच्या प्रेमात पडतंय हे लेखकाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्या दिवशी मंगळवार होता की बुधवार, याचा पत्ता मात्र पुष्कळदा त्यालाही नसतो.

सध्या माझ्या टेबलावर आहे ती एका लेखिकेची कादंबरी. महाराष्ट्रातून युरोपला निघालेली ग्रुप टूर, त्या बसमधली चार अनोळखी माणसं आणि पॅरिसमधल्या तीन रात्री. डोंबिवलीची एक शाळाशिक्षिका. बहीण ऐनवेळी गळाल्यामुळे एकटीच आलेली. आईवडिलांना युरोप दाखवायला निघालेला कोल्हापूरचा दंतवैद्य. पुण्याच्या एक मावशी. यजमानांबरोबर 2012 साली पॅरिसला येऊन गेलेल्या, आता ते नाहीत. आणि पंचविशीतला टूर मॅनेजर, ज्याला या सगळ्यांना सकाळी सातला बसमध्ये बसवायचं असतं. चौघांच्या गोष्टी वेगवेगळ्या सुरू होतात आणि हळूहळू एकमेकींत अडकतात. अशा कादंबऱ्या वाचायला हलक्या वाटतात. संपादनाला मात्र त्या रहस्यकथेहून अवघड जातात, कारण रहस्यकथेत निदान एक माणूस तरी सगळ्यांच्या वेळा तपासत हिंडत असतो.

इथे ते काम माझ्याकडे. मोठा ग्राफ पेपर घेते, आडव्या ओळीत दिवस, उभ्या ओळीत तास. प्रत्येक पात्राला एक रंगीत पेन्सिल: शिक्षिका हिरवी, दंतवैद्य निळा, मावशी पिवळ्या, टूर मॅनेजर लाल. प्रकरणं वाचत रेघा ओढत जायचं. दोन रेघा जिथे भेटतात तिथे गोल करायचा आणि बाजूला कारण लिहायचं: ही दोघं इथे का भेटली? कारण सापडलं नाही, तर गोलाशेजारी ‘यो’ लिहायचं. यो म्हणजे योगायोग. पहिल्या फेरीनंतर या कागदावर ‘यो’ इतके झाले होते की शेजारच्या मुद्रितशोधकांनी विचारलं, हा कुणाचा सांकेतिक हिशेब आहे?

बाडात हिरवी आणि निळा पहिल्यांदा नीट भेटतात ते लूव्रमध्ये, मोनालिसासमोर, मंगळवारी. मंगळवारी लूव्र बंद असतं. सोमवारी आणता येईल का, तर त्या दिवशी बस व्हर्सायला जाते असं आधीच्या प्रकरणात आहे, आणि व्हर्सायचा राजवाडा नेमका सोमवारी बंद. लेखिकेचं म्हणणं, वाचक कुठे वार मोजत बसणार? मला वाटतं, मोजतात. दर उन्हाळ्यात इथून हजारो मंडळी या टूरला जाऊन येतात, बंद दारापुढे फोटो काढून परतलेलीही त्यात असतात. त्यांच्या हाती हे पुस्तक पडलं आणि मंगळवारी नायिका मोनालिसापुढे उभी दिसली, तर पुढच्या पानावरच्या तिच्या अश्रूंवरही त्यांचा विश्वास बसणार नाही.

मग सगळी टूर एक दिवस पुढे ढकलली. लूव्र बुधवारी आलं, आणि बुधवारी ते रात्री नऊपर्यंत उघडं असतं. त्या एका बदलाने प्रकरण सुधारलं. ग्रुप टूरच्या कार्यक्रमात लूव्र बहुधा बाहेरूनच असतं: अंगणातला काचेचा पिरॅमिड, दहा मिनिटं, फोटो, चला बसमध्ये. आत जायचं तर स्वतःच्या वेळेत जावं लागतं. आता ती वेळ मिळाली. ग्रुपचं जेवण साडेसहाला, गार द लेस्ट स्टेशनजवळच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये. तिथून सात नंबरची मेट्रो थेट लूव्रच्या स्टेशनवर नेते. बाकीची मंडळी हॉटेलवर परततात आणि हिरवी व निळा, एकमेकांना न सांगता, आपापलं तिकीट काढून आत शिरतात. दोघं वेगवेगळ्या डब्यांतून येतात. माझ्या कागदावर हिरवी आणि निळी रेघ शेजारी शेजारी धावते, पण गोल होत नाही. वाचकाला दोघं दिसतात, त्यांना एकमेकं दिसत नाहीत. अनोळखी माणसांच्या कादंबरीत असे हुकलेले प्रसंग भेटीइतकेच महत्त्वाचे असतात. दोनदा हुकल्यानंतर तिसऱ्यांदा भेट झाली की तिला कुणी योगायोग म्हणत नाही.

प्रश्न उरला तो भेटीचा. बाडात मोनालिसाचं चित्र ‘भिंत व्यापून’ होतं आणि त्या चित्राकडे बघता बघता दोघांची नजरानजर होत होती. मूळ चित्र 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद आहे. काचेमागचं एवढंसं चित्र, पुढे कठडा, कठड्याअलीकडे उंचावलेल्या मोबाइलचं रान. तिथे कुणाचा चेहरा दिसत नाही, सगळ्यांच्या पाठी दिसतात. भिंत व्यापणारं चित्र त्याच दालनात आहे, पण समोरच्या भिंतीवर: वेरोनेझेचं ‘कानाचं लग्न’. 1563 मधलं, जवळजवळ सात मीटर उंच आणि दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं चित्र. व्हेनिसच्या एका मठाच्या भोजनगृहासाठी काढलेलं, 1797 साली नेपोलियनच्या सैन्याने उचलून आणलेलं. लग्नाची पंगत, शंभराहून जास्त माणसं, वाद्यं, वाढपी, कुत्री. आणि त्या दालनातले बहुतेक लोक या सगळ्याकडे पाठ करून उभे.

मी लेखिकेला एवढंच सुचवलं की यांना मोनालिसाकडे पाठ करायला लावा. बाकीचं तिने लिहिलं. गर्दीला कंटाळून हिरवी वळते, लग्नातल्या वाढप्यांकडे बघत बसते. निळाही वळतो, कारण आईसाठी काढलेल्या मोनालिसाच्या फोटोत पुढच्या माणसाची टोपीच आलीय. साऱ्या दालनात उलट दिशेला तोंड केलेली दोनच माणसं, म्हणजे त्यांना एकमेकं दिसणारच. कागदावरच्या गोलाशेजारचा ‘यो’ मी खोडला आणि ‘दालनाची मांडणी’ असं लिहिलं. ही भेट आता लेखिकेने घडवल्यासारखी वाटत नाही.

प्रकाशाचं काम वेगळं असतं. आपल्या मनात सातला तिन्हीसांजा होतात, त्यामुळे बाडातल्या पॅरिसमध्येही सातला दिवे लागले होते. जूनअखेरीस तिथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. लूव्रमधून साडेआठनंतर रक्षक लोकांना बाहेर काढू लागतात आणि ही दोघं बाहेर येतात तेव्हा चक्क ऊन असतं. अंधाराच्या आडोशाने होणारी सगळी कुजबुज उघड्यावर आली. लेखिका थोडी खट्टू झाली, पण दोन दिवसांनी तिने पाठवलेली नवी पानं जास्त बोलकी होती: उजेडात बोलायचं म्हणून दोघं आधी फक्त दातांविषयी, शाळेविषयी आणि बसमधल्या नकलाकार काकांविषयी बोलतात. आयफेल टॉवरची चमचम दर तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं होते, वीस हजार दिवे लुकलुकतात, पण अंधार पडल्यावरच. तीही मग रात्री उशिरावर गेली.

त्याच प्रकाशामुळे बसचं प्रकरण मोडलं. टूरच्या पत्रकात असते ती रोषणाई दाखवणारी रात्रीची फेरी बाडातही होती: अख्खी बस अकरा वाजता सेनच्या काठाने फिरते, मावशी गाणं म्हणतात. पण सकाळी सातला निघालेला ड्रायव्हर रात्री अकराला गाडी चालवू शकत नाही. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे त्याला चोवीस तासांत सलग 11 तास विश्रांती लागते. आठवड्यातून काही वेळा ती 9 तासांवर आणता येते, तरी रात्री दहापर्यंत गाडी उभी करावीच लागते. शिवाय सलग साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबणं भाग. या टूरवर गेलेल्या कुणालाही ‘ड्रायव्हरचे अवर्स संपले’ हे वाक्य पाठ असतं. जूनमध्ये दहाच्या आधी अंधार नाही आणि दहानंतर ड्रायव्हर नाही. फेरी रद्द झाली. त्या जागी लाल आला: तीस माणसांना ‘रोषणाई दिसणार नाही’ असं हॉटेलच्या लॉबीत सांगणारा पंचविशीतला मुलगा. तोवर तो कादंबरीत फक्त माणसं मोजत होता. या प्रकरणापासून त्याला स्वभाव आला.

पिवळ्या मावशींच्या रेघेवर कुलूप होतं. लूव्रसमोरून नदी ओलांडणारा पाँ देझार हा फक्त पादचाऱ्यांचा पूल. 2008 च्या सुमारास जोडप्यांनी त्याच्या जाळीला आपल्या नावांची कुलपं लावून किल्ली सेनमध्ये टाकायला सुरुवात केली. मावशींनी आणि यजमानांनी 2012 साली असंच एक कुलूप लावलं होतं, आणि मूळ बाडात त्या पुलावर जाऊन ते शोधून काढतात, हात लावतात, रडतात. पण 2014 च्या जूनमध्ये त्या वजनाने कठड्याचा एक भाग कोसळला आणि 2015 च्या जूनमध्ये महापालिकेने कुलपं काढायला घेतली. ती भरली सुमारे 45 टन. आता तिथे जाळी नाही, काच आहे.

हे कळवल्यावर लेखिका बराच वेळ फोनवर गप्प होती. मला वाटलं आता मावशीच कादंबरीतून जाणार. झालं उलटंच. आता मावशी पुलावर येतात आणि कुलूप लावायला जागाच उरलेली नाही. यजमानांनी कुलूप घरून, तुळशीबागेतून आणलं होतं, इथे महाग पडेल म्हणून. मावशींना आधी हसू येतं, कारण ‘चांगलं पाच लिव्हरचं आहे, कुणी तोडू शकणार नाही’ असं ते म्हणाले होते. मग त्या कठड्याला टेकून हिरवीला यजमानांच्या काटकसरीच्या गोष्टी सांगतात. 2017 साली त्यांतली काही कुलपं लिलावात विकून पैसे निर्वासितांच्या मदतीला दिले गेले, हेही आता मावशींच्या तोंडी आहे. आपलं कुलूप कुणीतरी विकत घेतलं असेल असं त्या धरून चालतात. बाडातल्या रडण्याच्या पानापेक्षा हे पान मला कितीतरी खरं वाटलं.

हिरवी आणि मावशी एका खोलीत कशा, याला मात्र हात लावावा लागला नाही. एकट्या आलेल्या बायकांना टूरवाले ट्विन शेअरिंगमध्ये एकत्र घालतात. तो कंपनीचा रिवाज, त्याला ‘यो’ लागत नाही.

हॉटेलला परतण्याने पुन्हा घोळ घातला. बाडात हिरवी आणि निळा पुलावरून ‘पंधरा मिनिटांत’ हॉटेलवर येतात. ग्रुप टूरची हॉटेलं बहुधा पॅरिसला वेढणाऱ्या रिंगरोडच्या बाहेर असतात. पंधरा मिनिटांत पुलावरून पोचता येतं ते शातले चौकापर्यंत. बुधवारच्या रात्री मेट्रो सव्वाच्या सुमारास थांबते, शुक्रवार-शनिवारी तासभर जास्त चालते. मेट्रो चुकली, आता रात्रीच्या बसगाड्यांखेरीज सोय नाही. शातलेच्या थांब्यावर दोघं उभी असताना हिरवीचा फोन वाजतो. आई. बाडात हा फोन संध्याकाळी होता, जेवण झालं का विचारायला. पण तेव्हा डोंबिवलीत मध्यरात्र व्हायला आलेली असते. उन्हाळ्यात आपलं घड्याळ पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असतं. मी फोन हलवला: आई पहाटे पाचला पाणी भरायला उठते, तेव्हा पॅरिसमध्ये दीड वाजलेला असतो. मुलगी आता गाढ झोपेत असेल, तरी एक मेसेज टाकावा, म्हणून टाकायला जाते आणि चुकून कॉल लागतो. पलीकडून रस्त्याचा आवाज येतो. ‘तू बाहेर कशी?’ या प्रश्नाने पुढची तीन प्रकरणं चालतात.

शेवटच्या फेरीत कागदावर दोनच ‘यो’ उरले. पहिला असा: जी बहीण टूरमधून गळाली, तिला बघायला हा निळाच काही वर्षांपूर्वी डोंबिवलीला आला होता. कांदेपोहे झाले, नंतर ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप गेला. हिरवी तेव्हा हॉस्टेलवर होती. हे तिसऱ्या दिवशी उघड होतं आणि सगळं अवघडून बसतं. हा मी ठेवला. योगायोगाने माणसं अडचणीत येत असतील तर वाचक तो सहज गिळतो. त्याने अडचण सुटायला लागली की पुस्तक मिटतो.

दुसरा सुटकेचा होता. मावशींच्या 2012 च्या फोटोत, कुलपाच्या मागे, तेव्हा परिषदेसाठी पॅरिसला आलेला निळा उभा दिसतो आणि त्यावरून हिरवीला पटतं की हे विधिलिखितच. त्यावर मी लाल रेघ मारली. लेखिकेने सांगितलं, तिच्या मावसभावाच्या बाबतीत अगदी असंच घडलंय. घडलं असेल. पण हिरवीचा राग एका जुन्या फोटोने जाणार असेल, तर निळ्याने बहिणीला फोन करून माफी मागायचं कारणच उरत नाही, आणि तो फोन या कादंबरीतलं सर्वांत चांगलं प्रकरण आहे. फोटो राहिला, त्यातला निळा गेला. लेखिका अजून रुसलेली आहे. मी म्हटलं, दुसरी आवृत्ती निघाली की बोलू.