पन्नासचा पाढा

मार्च अर्धा सरला की नागपुरात घरोघरी कूलर माळ्यावरून उतरतात. जुनी खस काढायची, नवी भरायची, पंप जिवंत आहे का बघायचं आणि टाकीत पाणी सोडायचं. मग आठ-दहा दिवसांनी, दुपारच्या झोपेतून उठता उठता, घोट्याशी खाज सुटते. आपण नालीला शिव्या देतो. नालीचे अपराध पुष्कळ आहेत, पण पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा हा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातला. जन्मल्या जागेपासून तो शे-दोनशे मीटरपलीकडे सहसा जातही नाही. म्हणजे तो आपल्या घरचा, नाहीतर शेजारच्यांचा.

आता हिशोब करू. एक मादी एका वेळी साधारण 100 अंडी घालते. निम्म्या माद्या निघाल्या असं समजा. नर चावत नाहीत, त्यांना सोडून देऊ. पंधरवड्याला एक पिढी धरली तर दोन आठवड्यांत एकीच्या 50, महिन्यात 2,500, दीड महिन्यात सव्वा लाख. दोन महिन्यांनी साडेबासष्ट लाख. मृग लागेपर्यंत, म्हणजे तीन महिन्यांत सहा पिढ्या होतात आणि आकडा जातो 1,562 कोटींच्या वर. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे जवळपास दोन! एका डासाचं वजन दोन मिलिग्रॅम धरलं तरी हा माल 31 टनांचा, तीन ट्रक भरून वर उरेल एवढा.

अर्थात असं घडत नाही. पाली, कोळी, चतुर आणि आपले तळहात मधे येतात. शिवाय मे महिन्यातलं आपलं 45 अंशांचं कोरडं ऊन डासालाही सोसत नाही. म्हणून तो गार, ओलसर खोली शोधतो. अशी खोली तयार ठेवायला आपण विजेचं बिल भरतोच.

चावण्याचं गणितही ऐकण्यासारखं आहे. दोन मिलिग्रॅमची मादी एका बैठकीत तीन मिलिग्रॅमच्या आसपास रक्त पिते आणि उडून जाते. साठ किलोच्या माणसानं नव्वद लिटर मठ्ठा प्यावा आणि लगेच भिंतीवर चढून बसावं, तसं. आपल्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर. ते संपवायला सोळा-सतरा लाख दंश लागतील, म्हणजे त्या बाबतीत निश्चिंत असावं. भीती त्या थेंबाच्या बदल्यात ती काय सोडून जाते याची.

हे कळायला 1897 साल उजाडलं. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला डासांकडून चाववून घेतलं; रक्त प्यायलेल्या डासामागे एक आणा, आठ डासांचे आठ आणे. त्यातल्याच एका अ‍ॅनोफेलिस डासाच्या पोटात 20 ऑगस्टला त्यांना मलेरियाचा परजीवी दिसला. पुढे नोबेल मिळालं. तरी 1947 मध्ये देशात मलेरियाचे रुग्ण साडेसात कोटी आणि मृत्यू आठ लाख असावेत, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीनं 1961 पर्यंत रुग्ण पन्नास हजारांवर आले. जिंकलोच, असं वाटलं. फवारणी ढिली पडली, डासही डीडीटीला सरावले आणि 1976 मध्ये आकडा 64 लाखांच्या पुढे गेला. पन्नासचा पाढा असा पुन्हा पहिल्यापासून म्हटला जातो.

बचावाची साधनं मात्र साधीच. छताचा पंखा जोरात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. डासाचे पंख एका सेकंदात त्याहून जास्त वेळा हलतात. एवढं करूनही त्याचा वेग चालत्या माणसाच्या निम्म्याहून कमी. पंख्याच्या झोतात तो टिकत नाही. मच्छरदाणीला चौरस इंचाला दीडशेच्या आसपास छिद्रं असावीत. मोठ्या पलंगाच्या मच्छरदाणीत ती तेहतीस लाखांच्या वर भरतात. ती सगळी चोख असून भागत नाही. सिगारेटीनं पडलेलं एक छिद्र त्याला पुरतं, आणि ते नेमकं डोक्याशी असतं.

कूलरचं गणित मात्र एका आकड्यावर अडतं, सातावर. कडक उन्हाळ्यात अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याचा 'कोरडा दिवस' त्यासाठीच ठरलेला. पण नुसती टाकी रिकामी करून उपयोग नाही. अंडी पाण्यात नसतात. पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला, काळ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. त्यांना ब्रशच लागतो, आणि हात थोडा दाबून फिरवावा लागतो.

आमच्याकडे जूनमध्ये पाऊस पडला की टाकी उपडी करून, उन्हात दोन दिवस वाळवून कूलर माळ्यावर जातो. घासायचं दरवर्षी राहतं. पुढच्या मार्चला पहिलं पाणी आम्हीच सोडतो.