जुन्या डिझेल जीपचा हरवलेला दम

घरांतील जुनी डिझेल जीप घाट चढतांना मंदावूं लागली, पूर्वीं तिसऱ्या गियरवर सहज सर होणाऱ्या चढावर तिला दुसरा गियर टाकण्याची पाळी आली, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "गाडीचें वय झालें, आतां ती विकून टाकावी." दुसरा म्हणतो, "इंजिन उतरवून एकदां सगळें नवें करून घ्यावें." पहिल्याचें ऐकलें तर बागेंतून आंब्याच्या पेट्या आणणारें, पावसाळ्यांत चिखलाच्या वाटेनें एखाद्या वृद्ध माणसाला तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचविणारें वाहन मातीमोलानें जातें. दुसऱ्याचें ऐकलें तर मोठी रक्कम खर्च होते, आणि पुष्कळदां मूळ दोष जागच्या जागींच राहतो. या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग आहे. वैद्य ज्याप्रमाणें आधीं निदान करतो व मग औषध देतो, त्याप्रमाणें गाडीचेंहि आधीं निदान करावें. तें कोणत्या क्रमानें करावें, एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

जीप आणि तिचें डिझेल इंजिन

जीप ही मूळची लष्करी गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलीज कंपनीनें १९४१ पासून ती मोठ्या प्रमाणावर तयार केली. तिचें इंजिन पेट्रोलचें, सुमारें २.२ लिटरचें व ६० अश्वशक्तीचें होतें. १९४५ सालीं स्थापन झालेल्या व पुढें महिंद्र अँड महिंद्र या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या कंपनीनें त्या दशकाच्या अखेरीस मुंबईंत ही गाडी जोडण्यास सुरुवात केली. डिझेल इंजिनें तिच्यांत मागाहून आलीं. १९८० नंतरच्या दशकांत बसविण्यांत येऊं लागलेलें, फ्रान्समधील प्यूजो कंपनीच्या आराखड्याचें एक्सडीपी ४.९० हें इंजिन अनेक कुटुंबांच्या परिचयाचें आहे. त्याच्या चार सिलिंडरांचा व्यास ९० मिलिमीटर, पिस्टनची धांव ८३ मिलिमीटर, एकूण घनफळ २११२ घनसेंटिमीटर आणि शक्ति सुमारें ६२ अश्वशक्ति.

हा शेवटचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. आजच्या मोटारींच्या मानानें ही शक्ति मुळांतच बेताची आहे. तींतून दहाबारा अश्वशक्ति कमी झाली तर सपाट रस्त्यावर तें कदाचित् कळणारहि नाहीं. पण भरलेली गाडी घाटाला लागतांच कळून चुकतें.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं औग्सबुर्ग येथें जें इंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें तत्त्व असें कीं, हवा पुरेशी दाबली म्हणजे ती अतिशय तापते व तींत फवारलेलें इंधन आपोआप पेट घेतें. वर सांगितलेल्या जातीच्या इंजिनांत हवा मूळ आकारमानाच्या विसाव्या हिश्शाहूनहि कमी जागेंत दाबली जाते व तिचें उष्णमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जातें. म्हणून अशा इंजिनाच्या गरजा तीनच: पुरेशी हवा, वेळेवर व योग्य प्रमाणांत येणारें डिझेल, आणि पुरेसा दाब. या तिहींपैकीं दाब जाणें हें सर्वांत खर्चाचें दुखणें. हवा व डिझेल अडणें हें पुष्कळ अधिक वेळां घडणारें, पण थोडक्या खर्चांत बरें होणारें दुखणें आहे. असें असतांहि संशय मात्र प्रथम दाबावरच घेतला जातो.

दम खरोखर गेला आहे काय?

गाडी हळू चालते म्हणून इंजिनच दुबळें झालें असें नव्हे. उंचीवर हवा विरळ होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १३५० मीटर उंच आहे. तेथें हवेचें वजन कोंकणपट्टीच्या मानानें शेंकडा बाराच्या आसपास कमी भरतें व जुन्या इंजिनाची शक्तीहि जवळजवळ त्याच मानानें घटते. हा दोष नव्हे, निसर्ग आहे.

त्यानंतर चाकांकडे वळावें. टायरांत हवा कमी असली, किंवा हौसेनें मूळच्यापेक्षां मोठे टायर बसविले असले, तर इंजिनावर विनाकारण ओझें पडतें. पांचसहा मैल सपाटीवर शक्यतों ब्रेक न लावतां गाडी चालवून उभी करावी व प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात न्यावा. एखादें चाक इतरांहून फार तापलेलें लागलें तर त्याचा ब्रेक धरून राहिला आहे असें समजावें. पुढच्या चाकांची जोड चुकून लागलेली राहिली असली तरीहि डांबरी रस्त्यावर गाडी जड चालते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, असें होत असेल तर क्लच घसरत आहे. इंजिन निर्दोष आहे.

एक परीक्षा तर घरांतील मुलांनाहि करतां येईल. इंजिन बंद ठेवून एकानें ॲक्सिलरेटरचें पेडल पूर्ण दाबावें आणि दुसऱ्यानें बॉनेट उघडून पंपावरील दांडी शेवटच्या अटकावापर्यंत पोंचते कीं नाहीं तें पाहावें. पायाखालची जाड चटई किंवा सैल पडलेली केबल यांमुळें ती अर्ध्यावरच थांबत असल्याचें कित्येकदां आढळतें. मग बिचारें इंजिन पूर्ण शक्ति देणार कशी?

धुराची भाषा

इंजिन आपलें दुखणें धुरानें सांगतें. चढावर काळा धूर येत असेल तर डिझेलच्या मानानें हवा कमी पडत आहे, किंवा डिझेल नीट फवारलें जात नाहीं. चुलींत लांकडें कोंबलीं व वारा मिळाला नाहीं म्हणजे जें होतें तेंच हें. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें वंगणतेल जळत आहे. थंड इंजिनाचा थोडा वेळ टिकणारा पांढरा धूर क्षम्य आहे. पण इंजिन तापल्यावरहि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर राहिला तर कांहीं डिझेल न जळतांच बाहेर पडत आहे. पांढरी वाफ येऊन रेडिएटरमधील पाणीहि उतरत असेल तर मात्र गाडी चालविणें थांबवून हेड गॅस्केट तपासून घ्यावें.

आणि धूर मुळींच नाहीं, तरी दम नाहीं, असें असेल तर? ही फार उपयोगाची खूण आहे. अशा वेळीं इंजिनाला डिझेलच पुरेसें पोंचत नाहीं असा तर्क बहुधा खरा ठरतो.

हवा आणि डिझेल यांची वाट

काळ्या धुराचा शोध एअर फिल्टरपासून करावा. जुन्या जीपांत तेलाच्या वाटीचा फिल्टर असतो. वाटींतील तेल खुणेइतकेंच असावें, आणि त्यांत गाळ जमला असेल तर तें बदलून वरची जाळी धुवावी. कागदी फिल्टर असल्यास तो नवाच घालावा. फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी जुनी होऊन मऊ पडली असेल तर ती ओढीसरशी आंत चेपते. उभ्या गाडींत ती चांगलीच दिसते, म्हणून इंजिन वेगानें फिरत असतांना तिच्याकडे पाहावें. खडकाळ वाटेनें फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरची नळीहि खालून पाहावी. दगडावर आपटून ती चेपली असेल तर धूर कोंडतो, आणि जुना धूर बाहेर गेल्यावांचून नवी हवा आंत शिरत नाहीं.

डिझेलची वाट अधिक लांब व म्हणून अधिक दोषांची आहे. ती टांकीपासून पंपापर्यंत क्रमानें तपासावी. टांकीच्या झांकणांतील हवेचें बारीक छिद्र बुजलें तर टांकींत पोकळी उत्पन्न होते व डिझेल वर चढेनासें होतें. दम गेल्याबरोबर झांकण उघडावें. सूं असा आवाज होऊन गाडी सुधारली तर दोष सांपडला. वीसपंचवीस मिनिटें गाडी चांगली चालते, मग मंदावते, आणि थोडा विसावा दिला कीं पुन्हां चालूं लागते, अशी तक्रार असेल तर टांकीच्या तळाचा गाळ ओढनळीच्या तोंडाशीं जमत आहे. कोंकणांतल्यासारख्या दमट हवेंत अर्धवट रिकाम्या टांकीच्या आंत पाणी सुटतें. तें तळाशीं बसतें व त्याच्या आधारानें डिझेलमध्यें सूक्ष्म जंतु वाढून काळसर चिकट गाळ तयार होतो. पावसाळ्यांत टांकी होईल तों भरलेली ठेवावी, आणि पाणी निराळें करणारी वाटी असल्यास ती वेळोवेळीं खालून मोकळी करावी, हा त्यावर सोपा उपाय.

पुढें डिझेल फिल्टर बदलावे व फीड पंपाची लहान जाळी धुवावी. नळीच्या जुन्या सांध्यांतून डिझेल बाहेर गळलें नाहीं तरी हवा आंत शिरते; यालाच मेकॅनिक लोक "गाडीनें एअर घेतली" असें म्हणतात. फिल्टर आणि पंप यांच्यामध्यें थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे डोळ्यांनीं दिसतात.

इतकें करूनहि संशय राहिला तर एक निर्णायक प्रयोग आहे. स्वच्छ डिझेलचा डबा फीड पंपाहून उंच जागीं, तापलेल्या भागांपासून दूर घट्ट बांधून त्यांतून परभारें डिझेल द्यावें. तेवढ्यानें दम परत आला तर दोष टांकी व नळी यांतच आहे, आणि इंजिन खोलण्याचें कांहीं कारण उरलें नाहीं.

नोझल, पंप आणि एक मोह

हवा व डिझेल दोन्ही मोकळीं असूनहि चढावर धूर व अशक्तपणा राहिला, तर नोझल तपासण्याची वेळ आली. नोझलनें डिझेलचा धुक्यासारखा फवारा करावयाचा असतो. झिजलेलें नोझल धार सोडतें किंवा थेंब गाळतें. ही परीक्षा डिझेल पंपाचें काम करणाऱ्या कारखान्यांत यंत्रावर होते. चारहि नोझलें एकदमच दाखवावीं.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हा फवारा शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबानें सुटतो. तो बोटावर घेऊन पाहूं नये. तो कातडीतून आंत शिरतो, बाहेर केवळ टांचणी टोंचल्यासारखी खूण दिसते व सुरुवातीस वेदनाहि फारशी होत नाहीं. आंत मात्र मांस मरूं लागतें आणि उशीर झाल्यास बोट गमवावें लागतें. असा अपघात घडल्यास घरगुती उपचारांत वेळ न घालवितां तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें.

याच टप्प्यावर एक मोह उभा राहतो. पंपावरील एक स्क्रू फिरविला कीं प्रत्येक फवाऱ्यांत डिझेल अधिक जातें व गाडी एकदम चपळ झाल्यासारखी वाटते. "पंप वाढवून देतों, लगेच पिकअप येईल," असें कोणी सांगितलें तर नम्रपणें नकार द्यावा. हवा तितकीच असतां डिझेल वाढविलें तर तें अर्धवट जळतें, काळा धूर निघतो, इंजिन बेसुमार तापतें, आणि लांब घाटांत पिस्टन किंवा हेड यांवर तें बेततें. शिवाय प्रदूषणाच्या तपासणींत अशी गाडी नापास होते. हें हरवलेलें बळ परत मिळविणें नव्हे; थकलेल्या बैलाला पराणी टोंचणें आहे. पंपाची वेळ मागें पडली असेल तर ती जरूर जुळवून घ्यावी, टॅपेटचें अंतर ठराविक मापाचें करून घ्यावें. पण डिझेलचें प्रमाण कारखान्यानें ठरविलें तेंच राहूं द्यावें.

दाबाची परीक्षा

आतां अखेर दाबाकडे वळावें. इंजिन चालू असतां तेल घालण्याच्या तोंडाचें झांकण काढलें व तेथून धुराचे जोरदार भपके निघाले, सकाळीं इंजिन सुरू होण्यास त्रास पडतो, वंगणतेल भराभर उतरतें, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. तरीहि अनुमानावर विसंबूं नये. चारहि सिलिंडरांचा दाब यंत्रानें मोजून घ्यावा व आंकडे कागदावर लिहून मागावे. चारहि कमी असतील तर इंजिनाचें काम खरोखर निघालें आहे. एकच कमी असेल तर कदाचित् एखाद्या व्हाल्व्हवर किंवा गॅस्केटवर भागेल. असा कागद हातीं असला म्हणजे खर्चाचा विचार घरांत बसून शांतपणें करतां येतो.

या सर्व कामांत दोन नियम पाळावे. पहिला, एका वेळीं एकच फेरफार करावा. चार वस्तु एकदम बदलल्या तर कोणत्या उपायानें गुण आला हें कधींच कळत नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां चारहि बदलाव्या लागतात. दुसरा नियम, परीक्षेसाठीं गांवाजवळचा एकच चढ ठरवावा व प्रत्येक उपायानंतर तितकींच माणसें घेऊन, त्याच गियरवर, तो चढण्यास लागलेला वेळ वहींत टिपावा. "बरी वाटते" या शब्दांवर घरांतील दोन माणसांचें एकमत होणें कठीण. घड्याळाच्या कांट्यावर तें सहज होतें.

ही वही जपून ठेवावी. फिल्टर केव्हां बदलला, नोझल केव्हां तपासलीं, चढाला किती वेळ लागला, हें तींत लिहिलेलें असलें म्हणजे गाडी पुढच्या पिढीच्या हातीं जातांना तिची प्रकृतीहि तिच्याबरोबर समजते. गाडी ठेवावी कीं विकावी हा निर्णय ज्याचा त्यानें आपल्या सोयीनें घ्यावा. परंतु वीसपंचवीस वर्षें घराची सेवा केलेल्या यंत्राला, एका बुजलेल्या गाळणीच्या अपराधासाठीं, म्हातारें ठरवून घराबाहेर काढूं नये, एवढीच विनंति.