सर्जन पोट का दाबतात?

बालमित्रांनो, आपल्या भिवंडीत मागाचा खडखडाट कोणी ऐकला नाही? धागा तुटला की कारागीर चटकन गाठ मारतो. सर्जनलाही गाठ मारावी लागते, पण पोटाच्या आत! म्हणून शिकताना ते खुर्चीच्या दांड्याला दोरा बांधून तासन्‌तास सराव करतात.

हात सरावानं तयार होतात हो, पण कधी कापायचं हे ठरवणं जास्त अवघड. अपेंडिक्स सुजलं की बहुधा आधी बेंबीजवळ दुखतं, मग काही तासांनी उजवीकडे खाली. अनुभवी सर्जन गप्पा मारत पोट दाबतात, पण लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे. दाबलेला हात उचलताना कळ आली का, हे त्यांना हवं असतं. शंका असेल तर थांबतात, काही तासांनी पुन्हा तपासतात.

आईबाबांनो, अशा दुखण्यात एरंडेल पाजू नका, अपेंडिक्स फुटू शकतं. सरळ दवाखाना गाठा.

१७३५ साली लंडनमध्ये क्लॉडियस अम्यांड यांनी ११ वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स काढलं. गिळलेल्या टाचणीनं त्याला भोक पडलं होतं. ईथरची भूल १८४६ मध्ये आली, म्हणजे बिचारा जागाच होता! तरी तो बरा झाला.