पवनहंसाची भरारी आणि घसरण

रायगड जिल्ह्यात, उरणच्या किनाऱ्यावर ओएनजीसीचा मोठा प्रकल्प आहे. मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचे तेल आणि वायू समुद्रतळावरच्या नळांतून इथवर पोचतात. ते काढणारी माणसे मात्र जुहूच्या धावपट्टीवरून निघतात आणि सुमारे 160 किलोमीटर आत, भर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर उतरतात. त्यासाठी लागणारी हेलिकॉप्टर ओएनजीसी वैमानिक आणि देखभालीसकट भाड्याने घेते. दरमहा ठरलेली रक्कम आणि शिवाय उड्डाणाच्या तासांचे पैसे, असा हा व्यवहार.

हे काम आधी परदेशी कंपन्यांकडे होते. ते देशी हातांत यावे म्हणून ऑक्टोबर 1985 मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली, तीच पुढे पवन हंस झाली. वर्षभरात तिची ओएनजीसीसाठीची उड्डाणे सुरू झाली. भांडवलात पुढे 51 टक्के केंद्र सरकार आणि 49 टक्के ओएनजीसी अशी वाटणी झाली. म्हणजे मोठे गिऱ्हाईक आणि भागीदार एकच! कामाची ददात नव्हती. ताफ्यातली फ्रेंच डॉफिन या कामात मुरली.

घोळ झाला तो दुसऱ्या खरेदीत. ब्रिटनमध्ये वेस्टलँड कंपनी डबघाईला आली होती; तिला वाचवण्याच्या वादावरून संरक्षणमंत्री मायकेल हेझेल्टाइन यांनी जानेवारी 1986 मध्ये राजीनामा दिला. त्याच सुमारास साडेसहा कोटी पौंडांच्या ब्रिटिश मदतीतून 21 वेस्टलँड-30 हेलिकॉप्टर भारताच्या गळ्यात पडली. 1988 मध्ये वैष्णोदेवीजवळ आणि 1989 मध्ये नागालँडमध्ये दोन कोसळली. 1991 मध्ये उरलेली जमिनीवर बसली आणि अखेर जेमतेम 9 लाख पौंडांना विकली गेली. मदत म्हणून आलेल्या या यंत्रांनी नव्या कंपनीची उमेदीची वर्षे खाल्ली.

त्याहून मोठे नुकसान माणसांचे. 13 जानेवारी 2018 रोजी जुहूहून निघालेले डॉफिन डहाणूजवळच्या समुद्रात कोसळले. ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन्ही वैमानिक गेले. 28 जून 2022 रोजी ‘सागर किरण’ रिगजवळ पवन हंसचे सिकोर्स्की हेलिकॉप्टर समुद्रात पडले. नऊ जणांपैकी चौघे वाचले नाहीत. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला पाण्यात उलटलेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचा सराव करावा लागतो. खुर्चीच्या पट्ट्याने जखडलेले असताना, श्वास रोखून, खिडकी चाचपत. असा प्रवासी ज्या यंत्रात बसतो, त्याच्या देखभालीत काटकसरीला जागाच असता कामा नये.

दरम्यान कंपनी तोट्यात गेली आणि सरकारने ती विकायला काढली. फेऱ्यांमागून फेऱ्या फसल्या. एप्रिल 2022 मध्ये स्टार-9 मोबिलिटी या कंपन्यांच्या गटाने 51 टक्क्यांसाठी 211.14 कोटी रुपये देऊ केले. पण गटातल्या एका भागीदारावर न्यायाधिकरणाचे ताशेरे होते, म्हणून 2023 मध्ये तोही सौदा मोडला. वर्षानुवर्षे विक्रीच्या फलकाखाली उभी असलेली कंपनी नवी यंत्रे घेणार तरी कशाच्या भरवशावर?

ओएनजीसीला हेलिकॉप्टर तर हवीच होती. पुढे पवन हंसला तिच्याकडूनच दहा वर्षांचे, 2,141 कोटींचे कंत्राट मिळाले. त्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सची चार नवी ‘ध्रुव एनजी’ हेलिकॉप्टर द्यायचे ठरले.