भाग-विक्री : लेखांकन व मूल्यांकन
भाग-विक्री : लेखांकन व मूल्यांकन. कंपनीने भांडवल उभारण्यासाठी काढलेल्या भागांची (शेअरांची) हिशेबपुस्तकांत नोंद करण्याची आणि त्या भागांचे मूल्य ठरविण्याची पद्धती. भागावर छापलेली किंमत म्हणजे दर्शनी मूल्य. भाग त्याच किंमतीस विकल्यास ती सममूल्य विक्री, अधिक किंमतीस विकल्यास अधिमूल्य विक्री होय. दर्शनी मूल्याहून कमी किंमतीस भाग काढण्याची मुभा १९५६ च्या कंपनी अधिनियमात काही अटींवर होती. २०१३ च्या अधिनियमाने ती सर्वसाधारणपणे रद्द केली. भागभांडवल हा धनकोंचा आधार असल्याने ते पूर्णपणे वसूल झालेले असावे, हा त्यामागील हेतू आहे.

भागांची रक्कम बहुधा अर्ज, वाटप व मागणी अशा टप्प्यांनी घेतली जाते. समजा, एका कंपनीने १० रुपयांचे १०,००० भाग ५ रु. अधिमूल्याने काढले. अर्जासोबत ४ रु., वाटपाच्या वेळी अधिमूल्यासह ७ रु. व अखेरच्या मागणीत ४ रु. द्यावयाचे आहेत. अर्ज १२,००० भागांसाठी आल्यास ४८,००० रु. बँक खाती नावे व अर्ज खाती जमा होतात. त्यांपैकी ४०,००० रु. वाटपानंतर भागभांडवल खाती वर्ग होतात आणि ज्यांना भाग मिळाले नाहीत त्यांचे ८,००० रु. परत केले जातात. वाटपाच्या ७०,००० रुपयांपैकी २०,००० रु. भांडवल व ५०,००० रु. अधिमूल्य असते. अधिमूल्य हा व्यापारातील नफा नसल्याने ते स्वतंत्र खाती दाखवितात. त्यातून रोख लाभांश देता येत नाही. मात्र लाभांशभाग (बोनस) देणे, भाग-विक्रीचा खर्च निर्लेखित करणे अशा अधिनियमाने ठरविलेल्या कामी ते वापरता येते.

एखाद्या भागधारकाने १०० भागांवरील अखेरची मागणी भरली नाही, तर रीतसर सूचना देऊन त्याचे भाग जप्त करता येतात. अशा वेळी भांडवल खाते १,००० रुपयांनी नावे पडते. येणे असलेले ४०० रु. मागणी खाती व मिळालेले ६०० रु. जप्त भाग खाती जमा होतात. मिळालेल्या अधिमूल्याला हात लावीत नाहीत. हेच भाग पूर्ण भरणा झालेले म्हणून ८ रुपयांप्रमाणे पुन्हा विकल्यास २०० रुपयांची तूट जप्त भाग खात्यातून भरून निघते आणि उरलेले ४०० रु. भांडवली राखीव निधीत जातात.

दर्शनी मूल्य कायम राहिले, तरी भागाचे खरे मूल्य बदलत असते. ते काढण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत. निव्वळ मालमत्ता पद्धतीत मालमत्तेच्या चालू मूल्यातून देणी वजा करतात. वरील कंपनीची मालमत्ता २,४०,००० रु. व देणी ६०,००० रु. असल्यास प्रत्येक भागामागे १८ रु. पडतात. नफा-भांडवलीकरण पद्धतीत सरासरी वार्षिक नफा २६,४०० रु. व अपेक्षित उत्पन्नदर १२ टक्के धरल्यास एकूण मूल्य २,२०,००० रु., म्हणजे भागास २२ रु. होते. या दोहोंची सरासरी २० रु. हे वाजवी मूल्य मानण्याची प्रथा आहे. लाभांश पद्धतीत भागास १·८० रु. लाभांश मिळत असल्यास त्याच दराने मूल्य १५ रु. येते. मोठा वाटा घेणाऱ्यास सर्व नफ्यावर व मालमत्तेवर ताबा मिळतो, तर थोडे भाग असणाऱ्याच्या हाती केवळ लाभांश पडतो. यामुळे हा फरक पडतो.

मूल्यांकनाची गरज कंपन्यांचे एकत्रीकरण, वारसांतील वाटणी, करआकारणी आणि रोखेबाजारात व्यवहार न होणाऱ्या भागांचे हस्तांतरण या प्रसंगी विशेष भासते. नवे भाग वाजवी मूल्याहून स्वस्त दिले, तर जुन्या भागधारकांचा वाटा घटतो; महाग दिले, तर नव्यांची हानी होते. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या तेजीने मुंबईत भागांच्या किंमती मालमत्तेशी व नफ्याशी संबंध न राखता चढल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळून अनेक कुटुंबे धुळीस मिळाली. भारतात १९४७ पासून भाग-विक्रीवर भांडवल नियंत्रकाचे नियंत्रण होते आणि अधिमूल्यास त्याची संमती लागे. १९९२ मध्ये ते नियंत्रण उठले. तेव्हापासून किंमत कंपनीच ठरविते. तथापि तिचा आधार भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाच्या (सेबीच्या) नियमांनुसार माहितीपत्रकात द्यावा लागतो. त्यामुळे तो आधार तपासण्याची जबाबदारी आता बव्हंशी गुंतवणूकदारावर येऊन पडली आहे. [⟶ कंपनी, रोखेबाजार, लाभांश].