दोन आठवड्यांचे पाहुणे

मदतीचा प्रवास : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण मलावीतल्या चर्चच्या रुग्णालयांचा हिशेब पाहिला. देशातली सुमारे एक तृतीयांश आरोग्यसेवा या संस्था सांभाळतात. नाव मिशनचं असलं तरी काम मलावीच्याच परिचारिका आणि क्लिनिकल ऑफिसर करतात आणि त्यांचे पगार सरकारी तिजोरीतून येतात, हे त्यात आलंच. या आठवड्यात मलावीच्या रस्त्यांवर जून ते ऑगस्टमध्ये हमखास दिसणाऱ्या मंडळींकडे वळू. एकाच रंगाचे टी-शर्ट, मिनीबसच्या टपावर बांधलेल्या बॅगा आणि सोबत त्यांच्या चर्चचा एक म्होरक्या. अमेरिका, ब्रिटन किंवा कोरियातून ही मंडळी दहा-पंधरा दिवसांच्या सेवेसाठी आलेली असतात.

ही संख्या किरकोळ नाही. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या अंदाजानुसार एकट्या अमेरिकेतून वर्षाला सुमारे १६ लाख प्रौढ माणसं अशा मिशन-दौऱ्यांवर परदेशी जातात. सगळे आफ्रिकेत जात नाहीत, पण मलावी, युगांडा, केनिया, झांबिया इथेही बरेच गट येतात. या दौऱ्यांबद्दल बोलणाऱ्यांचे दोन तट आहेत. एकाला त्यात निव्वळ पुण्याई दिसते, दुसऱ्याला निव्वळ मिरवणूक. दोघांचंही लक्ष पाहुण्यांच्या हेतूवर खिळलेलं असतं. गावाच्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. पाहुणे परतल्यावर उरलेले पन्नास आठवडे ते काम कोण चालवणार?

आयुष्यभरापासून पंधरवड्यापर्यंत

मलावीत परदेशी मिशन आलं ते स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या हाकेवर. डिसेंबर १८५७ मध्ये केंब्रिजमधल्या भाषणात त्याने मध्य आफ्रिका ख्रिस्ती धर्माला आणि व्यापाराला खुली करण्याचं आवाहन केलं. त्यातून ब्रिटनमधल्या विद्यापीठांचं एक मिशन उभं राहिलं आणि १८६१ मध्ये त्याचे प्रमुख बिशप मॅकेन्झी शिरेच्या डोंगराळ प्रदेशात मागोमेरोला पोहोचले. वर्षभरात, जानेवारी १८६२ मध्ये, ते तापाने गेले. होडी उलटून औषधांची पेटी आधीच नदीत गेली होती. पुढे १८७५ मध्ये स्कॉटिश मंडळींनी मलावी सरोवराकाठी केप मॅक्लिअरला ‘लिव्हिंगस्टोनिया’ मिशन सुरू केलं. तिथेही हिवतापाने इतके बळी घेतले, की ते आधी बांडावेला आणि मग १८९४ मध्ये खोंडोवेच्या पठारावर हलवावं लागलं.

या मिशनचे डॉ. रॉबर्ट लॉज १८७५ मध्ये आले आणि १९२७ मध्ये परतले. पन्नासहून अधिक वर्षं! त्या काळी मिशनला जाणं म्हणजे घरच्यांचा जवळजवळ कायमचा निरोप घेणं. विमानप्रवास आवाक्यात आल्यावर चित्र पालटलं. १९६० मध्ये अमेरिकेत ‘यूथ विथ अ मिशन’सारखी संघटना निघाली. तरुणांनी थोड्या काळासाठी जाऊन यावं, ही कल्पना रुळली आणि मुदत आक्रसत पंधरवड्यावर आली. भाषा शिकायला, गाव समजून घ्यायला लॉजला जी वर्षं मिळाली ती आता कुणाला मिळत नाहीत. त्याच्यासारखं काम करून दाखवण्याची अपेक्षा मात्र टिकून आहे.

खरं तर लिव्हिंगस्टनच्या काळीही काम एकट्यादुकट्या गोऱ्या माणसाने रेटलेलं नव्हतं. याचा एक धागा थेट आपल्या नाशिकपर्यंत येतो. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला आश्रम आणि शाळा चालवली होती. तिथे मुलं इंग्रजी लिहावाचायला आणि हातचे धंदे शिकत. १८६६ च्या आपल्या शेवटच्या मोहिमेवर निघताना लिव्हिंगस्टनने तिथले काही तरुण सोबत घेतले. जेकब वेनराइट हा नाशिकचाच आणखी एक विद्यार्थी १८७२ मध्ये येऊन मिळाला. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टनचा अंत झाला, तेव्हा त्याचं हृदय झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने आणि झाडाच्या खोडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. मग लिव्हिंगस्टनचे सेवक सुसी व चुमा आणि इतर सोबत्यांनी ते शव महिनोन् महिने चालत किनाऱ्यावर आणलं. यातला चुमाही काही काळ मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. लिव्हिंगस्टनचं नाव शहरांना आणि मिशनांना मिळालं. नाशिकच्या विद्यार्थ्याचं नाव आज नाशकातही फारसं कुणाला ठाऊक नाही.

विटांचा दिवस

आता आजच्या दौऱ्यातला एक नेहमीचा दिवस पाहू. मलावीत १९९४ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि शाळांची पटसंख्या एका झटक्यात सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या जवळ गेली. वर्ग पुरेनात, मुलं आंब्याच्या झाडाखाली बसू लागली. म्हणून ‘वर्गखोली बांधणं’ हे पाहुण्यांचं आवडतं काम झालं. गरज खरी आहे, शंकाच नाही.

पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी गाव कामाला लागलेलं असतं. गावच्या मुखियाने घरटी वाटा ठरवून दिलेला असतो. पुरुष माती मळून विटा पाडतात, वाळवतात, भट्टी रचून भाजतात. बायका नदीवरून वाळू आणि डोक्यावर बादल्यांनी पाणी आणतात. पाहुणे येतात ते भिंत उठायच्या वेळेला. गवंडी दोरी ताणतो, ओळंबा सोडतो, थापीने मसाला पसरतो. हौशी हात विटा मांडतात, पण सांधे कमीजास्त होतात, थर हलतो. गवंडी हसतमुखाने तो सरळ करत राहतो. त्याच गावात बांधकाम शिकलेले, पण काम नसलेले तरुण बाजूला उभे राहून हे पाहत असतात.

इथेच पैशांचा हिशेब बोचू लागतो. अमेरिकेतून मलावीला यायचं तर विमानभाडं, मुक्काम, गाडी धरून माणशी तीन-चार हजार डॉलर सहज लागतात. दहा जणांचा गट म्हणजे तीस-चाळीस हजार डॉलर. होंडुरासमध्ये १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर बांधलेल्या घरांचा अभ्यास कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने केला. एक घर स्थानिक संस्था साधारण दोन हजार डॉलरमध्ये उभं करत होती आणि तेच बांधायला येणारा गट येण्याजाण्यावर सरासरी तीस हजारांच्या घरात खर्च करत होता. घर मिळालेल्यांच्या आयुष्यात, ते कुणी बांधलं यावरून, फारसा फरक पडलेला त्याला आढळला नाही.

यावर चर्चवाल्यांचं उत्तरही ऐकायला हवं. ते म्हणतात, तिकिटाचे पैसे एरवी मलावीला गेलेच नसते. माणूस एकदा येऊन गेला की पुढे वर्षानुवर्षं देणगी देतो. हे काहींच्या बाबतीत घडतं. पण व्हर बीकने परतलेल्यांची देणगीही तपासली, तेव्हा बहुतेकांच्या सवयी फारशा बदललेल्या दिसल्या नाहीत.

पंप आणि त्याचं रबर

दौऱ्यांचं दुसरं लाडकं काम म्हणजे हातपंप. यातही महाराष्ट्राचा हात आहे. साठच्या दशकात दुष्काळी भागात बसवलेले बिडाचे पंप दिवसभराच्या उपशाने मोडत. जालना-सोलापूर भागात मिशनच्या पाणी-कामातून जास्त टिकाऊ पंप निघाले. त्यातल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफने ‘इंडिया मार्क टू’ घडवला. आज युगांडापासून झांबियापर्यंत त्याचीच लांब दांडी वरखाली होताना दिसते.

मलावीत मात्र चलती आहे ती ‘आफ्रिदेव’ची. ऐंशीच्या दशकात मलावी आणि केनियातल्या प्रयोगांतून तो तयार झाला. रचनेमागचा विचार एकच होता : गावच्या बाईला तो स्वतः खोलता आला पाहिजे. एका पान्याने वरचं झाकण आणि दांडी निघते. आतल्या सळ्या एकमेकींत आकड्याने अडकवलेल्या असतात, त्यामुळे त्या ओढत ओढत एकेक करून सोडवता येतात. शेवटच्या सळीला दट्ट्या लागलेला येतो आणि त्यावर इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखं रबरी सील असतं. बहुतेक वेळा पाणी यायचं थांबतं ते हे सील झिजल्यामुळे. नवं सील बसवायचं, सळ्या पुन्हा सोडायच्या, की पंप चालू. मोठा बिघाड असेल तर परिसरातल्या प्रशिक्षित मेकॅनिकला बोलवायचं.

इतकं सोपं असूनही २००९ च्या सुमारास गोळा केलेल्या आकड्यांत सहाराच्या दक्षिणेकडल्या देशांतले तिनातला एक हातपंप बंद होता. कारण तांत्रिक कमी, व्यवहाराचं जास्त. नवा पंप बसवताना फलक लागतो, प्रार्थना होते, फोटो निघतात, त्यासाठी देणगी मिळते. रबराच्या सीलसाठी कुणी देणगी देत नाही. ते काम पाणी-समितीचं असतं : घरटी महिन्याला थोडे क्वाचा (तिथलं चलन) गोळा करायचे, वही ठेवायची, सुटे भाग मिळणारं दुकान माहीत हवं. ज्या गावात समिती बसवण्याआधी पंप बसतो, तिथे पहिल्या बिघाडानंतर बायका पुन्हा नदीच्या वाटेला लागतात. त्यातच दुसऱ्या चर्चचा गट येऊन शेजारी नवा पंप बसवतो आणि जुना दुरुस्त करायची निकडच उरत नाही.

मुलांच्या बाबतीत तरी सावध

भिंत वाकडी झाली तर सरळ करता येते. अनाथालयांतल्या ‘सेवे’चं तसं नाही. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. गरिबीमुळे मूल तिथे ठेवलेलं असतं. पाहुण्यांची रांग लागली की संस्था भरलेली राहण्यातच चालकांचा फायदा असतो. लहानग्यांना दर पंधरवड्याला नवा माणूस जीव लावतो आणि निघून जातो. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांवरच्या ठरावात या प्रकाराचा धोका नोंदवला. आता अनेक चर्चही अनाथालय-भेटी थांबवून तोच पैसा मुलाला घरी, आजीजवळ ठेवण्यासाठी देऊ लागली आहेत.

मग जायचंच नाही का?

जावं, पण पाहुण्याच्या पायरीने. स्कॉटलंड आणि मलावी यांच्यात २००५ मध्ये सहकार्याचा करार झाला. स्कॉटलंडमधल्या चर्चच्या विभागांनी मलावीतल्या विभागांशी जोड्या जमवल्या आहेत. तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात आणि मलावीचे पाळक, शिक्षिका स्कॉटलंडलाही जाऊन येतात. तिकडल्या रिकाम्या पडत चाललेल्या चर्चबद्दल ते काळजी करतात, सल्लाही देतात! अशा नात्यात देणारा-घेणारा हा भेद थोडा तरी पुसट होतो. हातात पक्कं कसब असेल तर तेही उपयोगी पडतं. रुग्णालयातली बंद उपकरणं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, सोबतच्या मलावी डॉक्टरला शिकवत शस्त्रक्रिया करणारी सर्जन. अट एवढीच की परदेशी डॉक्टरने मलावीच्या वैद्यकीय परिषदेची परवानगी घ्यावी आणि आपल्या देशात जे करायची मुभा नाही ते इथेही करू नये.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने यजमान चर्चला काही प्रश्न विचारावेत. हे काम तुम्ही मागितलंत की आम्ही सुचवलं? गावात ते करू शकणारं कुणी आहे का, आणि त्याला मजुरी मिळेल का? मोडलं तर कोण दुरुस्त करणार, पैसे कुठून येणार? आम्ही आलो नाही, फक्त तिकिटाची रक्कम पाठवली, तर तुम्ही तिचं काय कराल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तिकीट रद्द करावंसं वाटलं, तर तीही सेवाच समजावी.

(पुढील लेखांक : मलावीच्या शाळांमधली सकाळची लापशी — ती कोण शिजवतं आणि तिने हजेरीपट कसा बदलला)