दीडशे मीटरची सरहद्द

झांबेझी आणि चोबे नद्यांच्या संगमापाशी झांबिया, बोत्स्वाना, झिम्बाब्वे आणि नामिबिया हे चार देश नकाशावर एकाच ठिपक्यात भिडलेले दिसतात. पण तो नकाशाचा भास. या ठिपक्याच्या पोटात झांबिया आणि बोत्स्वाना यांची समाईक सरहद्द आहे, जेमतेम दीडशे मीटरची, तीही नदीच्या पात्रात. दोघांपैकी एकालाही समुद्र नाही.

1970 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारने बोत्स्वानाला कळवलं, की अशी सरहद्द मुळात नाहीच. सरहद्द नाही तर तिथल्या कझुंगुला गावापाशी नदी ओलांडणारी फेरीबोटही बेकायदा! बोत्स्वानाने ते साफ नाकारलं. पाण्याच्या एवढ्याशा पट्टीवरून इतका आटापिटा का, तर दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया (आजचा झिम्बाब्वे) या गोऱ्या राजवटींच्या भूमीला टाळून बोत्स्वानाला उत्तरेकडे जायला तीच एक वाट होती. नाटापासून कझुंगुलापर्यंतचा रस्ता पुढे अमेरिकेच्या पैशातून झाला. 1973 मध्ये ऱ्होडेशिया-झांबिया सीमा बंद झाली आणि फेरीचं मोल आणखी वाढलं. एप्रिल 1979 मध्ये ऱ्होडेशियाच्या सैन्याने फेरीच उडवून दिली.

राजवटी गेल्या, पण नदी ओलांडायला तराफाच राहिला. नदी जेमतेम चारशे मीटर रुंद, पण ती ओलांडायला ट्रकवाल्यांना कित्येक दिवस काठावर ताटकळावं लागे. 2003 मध्ये बेसुमार माल भरलेल्या ट्रकने तराफा कलंडला आणि अठरा जण बुडाले.

10 मे 2021 रोजी पूल खुला झाला. लांबी 923 मीटर, खर्च सुमारे 25.9 कोटी डॉलर, मधोमध रेल्वेमार्गाची सोय. पूल सरळ नाही. झिम्बाब्वेच्या हद्दीत पाय पडू नये म्हणून तो कमानीसारखा वळवला आहे. शेजाऱ्याशी न जमल्याची किंमत काँक्रीटमध्ये मोजलेली क्वचितच इतकी स्पष्ट दिसते.

समुद्र नसल्यामुळे शेजाऱ्यावर अवलंबून राहण्याची किंमत अर्थतज्ज्ञांनीही मोजली आहे. लिमाओ आणि व्हेनेबल्स यांच्या 2001 च्या अभ्यासात भूवेष्टित देशाचा वाहतूकखर्च किनाऱ्यावरच्या देशापेक्षा साधारण निम्म्याने जास्त निघाला. त्यात अंतरापेक्षा देशातल्या आणि शेजारच्या देशातल्या रस्त्यांसारख्या सोयींचा वाटा मोठा. 2008 मध्ये तेरावनिन्थॉर्न आणि राबालँ यांनी जागतिक बँकेसाठी केलेला अभ्यास याहून बोचरा आहे. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेत ट्रक चालवण्याचा खर्च फारसा जास्त नाही. भाडं मात्र अवाच्या सवा, कारण धंदा मूठभरांच्या हातात. तिथे गुळगुळीत रस्ता केला, तर नफा त्यांच्याच खिशात जातो. रवांडाने 1994 नंतर हा धंदा खुला केला आणि भाडी उतरली.

कझुंगुलाला आता दोन्ही देशांची कागदपत्रं एकाच ठिकाणी तपासली जातात, म्हणजे थांबणं एकदाच. पण तिथून तांब्याच्या खाणींच्या पट्ट्याकडे निघालेला ट्रक पुढे काँगोच्या सीमेवर कासुंबालेसाला पोचतो. तिथल्या रांगा दक्षिण आफ्रिकेतले ड्रायव्हरसुद्धा चांगल्या ओळखून आहेत.